अब्बांनी तीनदा विचारलं

आमच्या घरात सकाळी पहिला आवाज बांगड्यांचा व्हायचा, आणि त्या बांगड्या कोणाच्याच हातात नसायच्या. पहाटे फजरची नमाज झाली की अब्बा ओट्यावर चटई टाकून बाजाराचा माल लावायला बसायचे. दोऱ्यात ओवलेली काचेच्या बांगड्यांची जुडी उचलायची, हलकेच हलवायची, कान द्यायचा. जुडीत एखादी तडकलेली असली तर आवाज बद्द येतो. मग दोरा सोडून एकेकीला नखाने टिचकी मारायची आणि ती शोधून बाजूला टाकायची. अंथरुणात पडल्या पडल्या मी तो आवाज ऐकत असे. आत अम्मी भाकरी थापायची, तिच्या थापेचा आणि बांगड्यांचा एक ठेका जमून यायचा. मग अब्बांची हाक यायची, "तस्नीम, वुजू केलंस का?" म्हणजे नमाजेसाठी हातपाय-तोंड धुतलंस का. घरात आम्ही आमची दख्खनी हिंदी बोलतो. तिच्यात मराठी इतकी मिसळलेली आहे की इथे मी सगळं मराठीतच लिहिते आहे. फारसं काही हरवत नाही.

अवसरी बुद्रुकमध्ये मुसलमानांची घरं मोजकीच. अब्बांचा धंदा बांगड्यांचा, त्यांच्या वडिलांचाही तोच. मंचर, घोडेगाव, नारायणगाव, प्रत्येक बाजाराचा वार ठरलेला. लग्नसराईत गावोगावच्या घरांतून बोलावणी यायची, कारण नवरीचा हिरवा चुडा यूसुफचाचांनीच भरायचा असा अनेक घरांत रिवाज पडला होता. शाळेला सुट्टी असली की मी मदतीला जायचे. बायकांचे हात हातात घेऊन, पंजा दाबून, बोटांचे सांधे मऊ करून अब्बा बांगडी चढवायचे आणि तेवढ्या वेळात त्या बाईच्या शेतापासून सुनेपर्यंत सगळी चौकशी व्हायची. मी मागे बसून मापं काढून द्यायचे. मला बोलायची वेळ येत नसे, आणि मला ते फार बरं वाटे.

आम्हाला वाढवण्याचं काम अम्मीचं आणि कमावण्याचं आपलं, अशी वाटणी अब्बांनी कधी केली नाही. माझ्या जन्मानंतर कानात अजान त्यांनी दिली, सगळेच बाप देतात. पण नमाजही मला त्यांनीच शिकवली. त्यांच्या जानमाजच्या, नमाजेच्या चटईच्या, शेजारी माझ्यासाठी एक जुनी चादर चौपदरी घालून ठेवलेली असे. मी चुकले तर ते ओरडत नसत, तेवढा भाग पुन्हा मोठ्याने म्हणत, म्हणजे मला कळावं. बाजारातून काहीही आणलं, पेरू असो नाहीतर वही, तर त्याचे दोन सारखे भाग व्हायचे आणि पहिला भाग माझ्यापुढे यायचा. धाकटा भाऊ अस्लम कुरकुरायचा. "पहिला तिला का?" अब्बा म्हणायचे, "मुलीपासून सुरुवात करायची, असं मला माझ्या बापानं शिकवलंय. तुझा भाग कमी आहे का? मोजून बघ." अस्लम खरंच मोजून बघायचा.

म्हणूनच अस्लमला मंचरच्या इंग्रजी शाळेत घालायचं ठरलं तेव्हा अब्बांनी मलाही त्याच शाळेत घातलं. जुन्नरच्या जुबैदा फुफींना हे आवडलं नव्हतं. फुफी म्हणजे अब्बांच्या थोरल्या बहीण. आजी लवकर गेली तेव्हा अब्बा सहा वर्षांचे होते. फुफींनीच त्यांना भरवून, न्हाऊ घालून वाढवलं होतं. आमच्या घरात त्यांचा शब्द वरचा होता. "पोरीला इंग्रजीत शिकवून काय कलेक्टर करणार आहेस?" त्या म्हणाल्या होत्या. अब्बा हसून म्हणाले होते, "आपा, देतोय तर दोघांना सारखं देतोय. वर मला हिशोब विचारतील, तेव्हा तू येणार आहेस का सांगायला?"

शाळेने मला अबोल केलं की मी मुळातच तशी होते, हे मला अजूनही सांगता येत नाही. लेखी परीक्षेत मी पहिल्या तिघांत असायचे. तोंडी परीक्षेत बाई म्हणायच्या, "स्पीक अप, तस्नीम," आणि मी वहीचा कोपरा दुमडत उभी राहायचे. शाळेत इंग्रजी, गल्लीत मराठी, घरात दख्खनी. कुठलं वाक्य कुठल्या भाषेत सुरू करावं हे ठरेपर्यंत बोलायची वेळ निघून गेलेली असे. मग मी बघत बसायचे. लोक माझ्या गप्प बसण्याचं कौतुक करायचे. गुणाची आहे, म्हणायचे. मीही ते कौतुक घेत राहिले, हे आज कबूल केलं पाहिजे.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना फुफी आमच्याकडे आल्या. सोबत दोन जाऊबाया, जुन्नरचे आठनऊ नातेवाईक आणि पेढ्यांचा खोका. त्यांच्या इम्रानसाठी मला मागायला आल्या होत्या. इम्रान माझा आतेभाऊ. जुन्नरच्या बसस्टँडजवळ त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. चांगला मुलगा होता, आजही आहे. त्याच्यात काही खोट असती तर मला सोपं गेलं असतं. अम्मीने डाळ-मटणाचा दालचा आणि खुश्का भात केला होता, पाहुणे जेवून तृप्त झाले होते, आणि मला ओढणी डोक्यावर घेऊन बोलावलं गेलं. फुफींनी माझी हनुवटी उचलली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "काय बेटा, माझ्या घरी येशील ना?"

आमच्यात मुलीची रजामंदी, म्हणजे संमती, विचारल्याशिवाय निकाह होत नाही, आणि लाजरी मुलगी गप्प राहिली तर ते हो धरतात. हे मला लहानपणापासून माहीत होतं. म्हणजे त्या क्षणी काय करायला हवं हेही माहीत होतं. फक्त एक शब्द. मी अब्बांकडे पाहिलं. ते आपल्या बहिणीकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला, लहान मुलासारखा आनंद होता. मी मान खाली घातली. फुफी म्हणाल्या, "झालं! गप्प बसली म्हणजे हो. यूसुफ, तोंड गोड कर." कोणीतरी माझ्या तोंडात पेढा घातला. तो गिळायला मला किती वेळ लागला ते आठवतं.

पुण्याला जाऊन एम.एस्सी. करायचं होतं म्हणून मला ते लग्न नको होतं, असं मी नंतर लोकांना सांगत आले. ते खोटं नाही, पण ते कारण मला मागाहून सापडलं. आधी नुसतं नको होतं. फुफींच्या घरी राहणारी, इम्रानच्या शेजारी बसणारी तस्नीम मला डोळ्यांपुढे आणताच येत नव्हती. पुढचे तीन आठवडे मी वहीच्या मागच्या पानावर इंग्रजीत लिहीत होते, मला हे लग्न करायचं नाही. चार वेळा, पाच वेळा. इंग्रजीत लिहायला सोपं जायचं, कारण अम्मी-अब्बांना ते वाचता येणार नव्हतं. अम्मी माझ्यासाठी गोधडी शिवायला बसली होती. रमजानच्या आधीचा शाबान महिना लागायच्या आत निकाह, असं जुन्नरहून फोनवर ठरत होतं.

त्याच दिवसांत डिंभ्याच्या एका घरून चुडा भरायचं बोलावणं आलं आणि अब्बांनी मला मोटारसायकलवर मागे बसवून नेलं. मांडवात बायकांची झुंबड होती. नवरीचे दोन्ही हात भरून झाल्यावर अब्बा इतर बायकांना भरायला लागले. एक आजीबाई हात पुढे करून म्हणाल्या, "चाचा, साऱ्या तालुक्याच्या पोरी नटवल्या. घरच्या पोरीचं कदी?"

"ठरलं की, आजी," अब्बा म्हणाले.

"अगं बया! कुठं दिली?"

"जुन्नरला. माझ्या बहिणीच्याच घरी."

"मंग लई बेस झालं. घरातली घरात." आजीबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "ही बोलत न्हाई व्हय? मगाधरनं बगती नुसती."

"कमी बोलती."

"सासूला तर अशीच पायजे व्हती!" दुसरी एक बाई म्हणाली आणि मांडव हसला. अब्बाही हसले. मीही हसले. आणि हसता हसता मला एकदम दिसलं, की आता हे असंच होत जाणार. कोणी काहीही म्हणेल, मी हसेन, आणि त्यालाही हो धरतील. त्या मांडवात मी ठरवलं, की घरी पोचायच्या आत सांगायचं. अवसरी गाठली की नंतर ते माझ्याच्याने होणार नव्हतं.

परतताना असरच्या, दुपार कलल्यावरच्या नमाजेची वेळ झाली म्हणून अब्बांनी धरणाच्या पाण्याकडेला गाडी उभी केली. पाणी खाली गेलं होतं, काठाला भेगाळलेला गाळ होता. आम्ही वुजू केलं. एका आंब्याखाली गाडीवरच्या पिशवीतलं कापड अंथरून अब्बा पुढे, मी मागे, अशी नमाज झाली. त्यांनी दुआ मागून तोंडावरून हात फिरवले. कापड झटकायला ते उठणार इतक्यात मी बोलले.

"अब्बा, मला हे लग्न करायचं नाही."

ते पुन्हा खाली बसले. मग म्हणाले, "त्या दिवशी का नाही बोललीस?"

याचं उत्तर मी तयार केलेलं नव्हतं. जे आलं ते माझं मलाच नवीन होतं. "त्या दिवशी फुफींनी विचारलं. तुम्ही विचारलंच नाही."

मला वाटलं ते रागावतील. त्यांचा चेहरा रागावल्यासारखा झालाही होता, पण तो राग माझ्याकडे आला नाही. ते हळू म्हणाले, "खरं आहे. मुलीचा वली, पालक, मी. विचारायचं काम माझं. आपा खूश झाली ते बघून मी त्या दिवशी नुसता भाऊ झालो, बाप व्हायचं राहून गेलं." मग त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, ताठ बसले. "आता विचारतो."

"अब्बा, सांगितलं ना मी..."

"सांगितलंस. पण मी विचारलेलं नाही." आणि निकाहच्या वेळी मुलीची संमती घ्यायला येणारा वकील विचारतो तशा आवाजात, सगळ्या नावांसकट त्यांनी विचारलं, "तस्नीम बिन्ते यूसुफ, इम्रान वल्द रशीद याच्याशी तुझा निकाह व्हावा, यात तुझी रजामंदी आहे का?"

मी मान हलवली.

"मान नको. तोंडानं."

"नाही."

"आमच्यात तीनदा विचारतात." त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सगळं म्हटलं. मी पुन्हा नाही म्हणाले. खाली काठाशी जाळं सोडवत बसलेला एक मासेमारी करणारा माणूस आता आमच्याकडे टक लावून बघत होता. "चाचा, काय झालं व्हय?" त्याने ओरडून विचारलं.

"काय न्हाई, भाऊ. पोरीला एक गोष्ट विचारतोय."

"सांगती का?"

"सांगती," अब्बा म्हणाले आणि तिसऱ्यांदा विचारलं. त्या परक्या माणसासमोर, उघड्यावर, मी तिसऱ्यांदा नाही म्हणाले, आणि ते पहिल्या दोघांपेक्षा मोठ्याने आलं. अब्बांनी मान डोलावली, एखादी वस्तू ताब्यात घेतल्यासारखी. "बस. उद्या जुन्नरला जायचं. शब्द मी दिला, मीच परत घेणार. यात तुझी चूक आहे ती गप्प बसण्याची. ती तू आज फेडलीस. माझी अजून बाकी आहे."

अम्मीचं मत वेगळं होतं. तिने गोधडीची सुई कापडात खोचून ठेवली आणि म्हणाली, "तेव्हा तोंडात काय मूग धरले होते? बारा माणसं जेवून गेली!" मग रागारागात तिने इतका तिखट ठेचा केला की अस्लम जेवताना रडायला लागला. पण सकाळी आम्ही निघालो तेव्हा माझी ओढणी नीट करून ती म्हणाली, "फुफीशी बोलताना सलाम आधी कर."

फुफी अंगणात बाजेला शेवयांचं यंत्र बांधून शेवया करत होत्या. इम्रान दुकानाला निघायच्या बेतात होता, तो दारात थांबला. अब्बांनी आडवळण घेतलं नाही. उभ्या उभ्याच म्हणाले, "आपा, मी शब्द परत घ्यायला आलोय. तस्नीमची रजामंदी नाही."

यंत्राचा दांडा थांबला. "पुण्यात कोण मिळालं? इंजिनियर?"

"कोणी नाही."

"मग? बारा जणांसमोर गप्प होती ती. शरियतच सांगते, मुलगी गप्प राहिली तर हो."

"आपा, ती सवलत लाजणाऱ्या मुलीसाठी आहे. हो म्हणायला जीभ उचलत नाही तिच्यासाठी. जिला नको आहे तिच्या गळ्यात बांधायला नाही. मी विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही. कयामतच्या दिवशी ती माझी कॉलर धरील, तुझी नाही."

"तू बोलतोस, तू," फुफी म्हणाल्या. त्यांचा आवाज चिरकला होता. "लहानपणापासून ऐकत आलेय तुझं. ती कुठं बोलते? तिचं तोंड कुठंय? तूच फिरवलंस, आणि पोरीचं नाव पुढं करतोस."

मी वाट पाहिली. अब्बा उत्तर देतील असं मला वाटलं. माझ्या वतीने ते आजवर शाळेत, दवाखान्यात, सगळीकडे बोलत आले होते. ते बोलले नाहीत. माझ्याकडे वळून बघितलंही नाही. स्वतःच्या बहिणीसमोर खोटे ठरून हात बांधून उभे राहिले. तेव्हा मला कळलं की मी आता गप्प राहिले तर खोटे ठरणार आहेत ते अब्बा. माझ्या लग्नाचं काय व्हायचं ते होवो.

"फुफी, सलाम आलेकुम," मी म्हणाले. सलाम करायचा राहून गेला होता. "मला हा निकाह मंजूर नाही. त्या दिवशीही नव्हता. अब्बांनी दुसरा कोणी बघितलेला नाही, ते खोटं बोलत नाहीत. मी बोलायला हवं होतं, बोलले नाही. माफ करा. पण मंजूर नाही."

इतकं सलग मी त्या घरात कधीच बोलले नव्हते. फुफी माझ्याकडे बघत राहिल्या. बोलला तो दारातून इम्रान. "अम्मी, मला तरी कुठं कोणी विचारलं?" फुफी त्याच्याकडे वळल्या. तो चपलेत पाय घालत होता, वर न बघता म्हणाला, "विचारलं असतं तर मी हो म्हणालो असतो." आणि तो दुकानाला निघून गेला.

आपल्या नाहीची झळ कोणालातरी लागते, आणि तरी ते नाहीच असतं, एवढंच मी त्या अंगणात शिकले. दोन वर्षांनी त्याने स्वतः पसंत केलेल्या मुलीशी लग्न केलं; त्याच्या दुकानात मी आजही फोन दुरुस्तीला देते.

फुफींनी पुन्हा यंत्राचा दांडा धरला. "यूसुफ, आता माझ्या दाराशी येऊ नकोस."

"नाराज हो, आपा. तुझा हक्क आहे. मी ईदला येईन."

"येऊ नकोस म्हणाले ना."

"येईन," अब्बा म्हणाले.

नारायणगावपाशी हायवेला टोमॅटोच्या गाड्यांच्या रांगेत अडकलो तेव्हा मागे न वळता म्हणाले, "तिनं मला हातानं भरवलंय." बस, तेवढंच. मी त्यांच्या पाठीला डोकं टेकलं. आपली चूक मुलांसमोर मान्य करणारा बाप दुर्मिळ असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटायचं सगळे बाप असेच असतात. आता माझ्या लेकीचा बाप तिला नमाज शिकवायला बसतो तेव्हा मी स्वयंपाकघरातून कान देते, आणि तो कुठे चुकला तर ते त्याला तिच्यासमोरच सांगते.

अब्बा ईदला गेले. मला बरोबर नेलं, जबरदस्तीने नाही, "येतेस का?" असं विचारून. दार बंद होतं. त्यांनी दाराशी उभं राहून सलाम केला, शीरखुर्म्याचा डबा ओट्यावर ठेवला, आणि आम्ही परत आलो. आठवड्याने इम्रानच्या हाती डबा परत आला. तो रिकामा आणि धुतलेला होता. अम्मी म्हणाली, "फेकून दिला असेल." अब्बा म्हणाले, "फेकणारी बाई डबा राखेनं घासून पाठवत नाही." बकरी ईदला कुर्बानीच्या गोश्तातला नातेवाइकांचा हिस्सा घेऊन गेलो, दार बंद, पण खिडकी उघडी होती. नातं तोडणं सोपं असतं म्हणून तर ते मना आहे, असं अब्बा गाडीला किक मारताना म्हणाले. मी तेव्हा पुण्याला शिकत होते आणि दर ईदला आधी अवसरी, मग जुन्नर, असा माझा रस्ता ठरून गेला होता.

तिसऱ्या खेपेला, पुढच्या रमजान ईदला, मी गाडीपाशीच थांबले होते. अब्बांनी सलाम केला आणि डबा ठेवायला वाकले, तेवढ्यात कडी वाजली. दारात फुफी होत्या, नव्या साडीत, पदर डोक्यावर घेतलेल्या. "वालेकुम सलाम," त्या म्हणाल्या. अब्बा वाकलेलेच राहिले. फुफींनी त्यांच्या हातातून डबा घेतला, आणि त्यांच्या पाठीवरून रस्त्याकडे मान उंच करून बघत विचारलं, "आणि ती बोलणारी कुठंय?"

अब्बा सरळ झाले आणि दारातून बाजूला सरकले.

"इथं आहे, फुफी," मी म्हणाले.